फराळ : उपवासाचे आणि नाताळचे

‘फराळ’ हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे लाडू, करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे यांनी भरलेले ताट उभे राहते. परंतु या शब्दाचे मूळ ‘फलाहार’ या संस्कृत शब्दात आहे. उपवासाच्या दिवशी देह टिकावा एवढ्यापुरता घ्यावयाचा हलका आहार तो फलाहार. एकादशीच्या ‘फराळाच्या’ पदार्थांत तो अर्थ आजही जिवंत आहे. दिवाळीच्या फराळात मात्र तो पार लोपला आहे. उपवासाचा शब्द मेजवानीचा कसा झाला, हा भाषाशास्त्राचा एक मनोरंजक विषय आहे. आम्हांस मात्र त्यात अधिक रस वाटतो तो एका निराळ्या कारणासाठी. आपल्या नाताळच्या ताटाची कुळकथाही नेमकी हीच आहे.

गोव्यात आणि मंगळुरात नाताळनिमित्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना पदार्थांचे ताट पाठविण्याची रीत आहे. मंगळुरात त्या पदार्थांना ‘कुस्वार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’ या शब्दावरून आला, असे मानले जाते. कोन्सोआदा म्हणजे उपवासाच्या दिवशी रात्री घेण्यास मुभा असलेले अल्पसे भोजन. नाताळची पूर्वसंध्या हा लॅटिन परंपरेत उपवासाचा दिवस होता. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही तो उपवासाच्या दिवसांत नमूद होता. १९६६ नंतर सार्वत्रिक बंधन म्हणून तो उरला नाही. ज्या वृद्धांनी ते दिवस पाहिले, त्यांना नाताळच्या पहिल्या घासाची गोडी आपल्याहून निराळी लागत असली पाहिजे, कारण ती भुकेनंतरची गोडी होती.

युरोपातही हेच दिसते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा ‘ख्रिस्तस्टोलन’ हा नाताळचा गोड पाव आज जगप्रसिद्ध आहे. त्याचा उल्लेख तेथील संत बार्थोलोम्यूच्या रुग्णालयाच्या १४७४ सालच्या हिशेबात सापडतो. त्या काळी आगमनकाळात लोणी वर्ज्य असल्याने हा पाव पीठ, पाणी, खमीर आणि तेल एवढ्यांवरच होत असे. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची सवलत दिली, आणि त्या पत्राला इतिहासात ‘लोण्याचे पत्र’ असेच नाव पडले. आज ज्याला आपण श्रीमंती पक्वान्न समजतो, तो मुळात व्रतस्थांचा कोरडा पाव होता. नाताळचे गोडधोड उपवासाच्या कुशीत जन्मले, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढील इतिहास नीट उलगडतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. या मुलुखात जे ख्रिस्ती झाले, त्यांनी नवी श्रद्धा स्वीकारली तरी चूल जुनीच राहिली. त्या चुलीवरही धर्मसत्तेची नजर होती, हे सत्य आपण लपवू नये. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने काढलेल्या जाहीरनाम्यात लग्नातील गाणी, विडे, फुले अशा अनेक रीतींना बंदी झाली. मिठावाचून भात शिजविण्याची हिंदू रीत पाळू नये, अशीही ताकीद त्यात होती. भातातले मीठ हा श्रद्धेचा पुरावा ठरावा, असा तो काळ होता.

पण गृहिणींनी या बाबतीत जाहीरनाम्यांपेक्षा अधिक शहाणपण दाखविले. गोव्याच्या ख्रिस्ती घरातील नाताळची ‘नेवरी’ म्हणजे आपली करंजीच होय. तांदूळ, नारळ आणि गूळ यांचे ‘दोदोल’, चण्याच्या डाळीचे ‘दोस’ हे पदार्थ त्या मातीत पिकणाऱ्या जिनसांचेच आहेत. दुसऱ्या बाजूने पोर्तुगीजांमार्फत आलेला काजू आज कोकणाचा म्हणूनच ओळखला जातो आणि ‘पाव’ हा शब्दही मराठीत मुरून गेला. तेव्हा अमुक पदार्थ मूळचा कोणाचा, हा वाद फारसा फलदायी नाही. जो जिन्नस आपल्या शेतात पिकतो आणि आपल्या घरातील हातांना ओळखीचा होतो, तो आपला. ‘नाताळ’ हा शब्द तरी मूळचा पोर्तुगीजच ना !

या किनाऱ्यावरील एक पदार्थ आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो म्हणजे ‘कलकल’. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबायची आणि गुंडाळून तिचा रेघारेघांचा शिंपला करायचा. हे काम इतके बारीक आणि इतके पुष्कळ असते की एकट्या गृहिणीला ते आवरत नाही. त्यामुळे नाताळच्या आधीच्या संध्याकाळी सारे घर परातीभोवती बसते आणि त्यात लहान मुलांचा वाटा मोठा असतो. मोठ्यांच्या बोटांपेक्षा मुलांची बोटे या कामाला अधिक सोयीची. पिढ्यान् पिढ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पूर्वजांच्या, गोठ्याच्या आणि मागी राजांच्या कथा मुलांच्या कानी पडल्या त्या अशाच परातीभोवती.  ही परातही एक धर्मशिक्षणाचा वर्गच होती.

मराठवाड्यात ख्रिस्ती श्रद्धा आली ती निराळ्या वाटेने. येथे पोर्तुगीज नव्हते, समुद्र नव्हता, नारळ नव्हता. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे होते. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, पण जुन्या छावणीच्या खुणा गावाच्या नावानिशी उरल्या. धर्मप्रांताच्या दृष्टीने पाहता, १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतातील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाच्या मिशनऱ्यांनी मराठवाड्यात कार्य केले. १९५५ मध्ये अमरावती आणि १९७७ मध्ये औरंगाबाद असे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. बिशप डॉमिनिक आब्रेओ हे औरंगाबादचे पहिले बिशप. हिंगोली जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. येथील ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी; एकमेकांपासून दूर वसलेली. कोकणातल्यासारखी चारशे वर्षांची परात त्यांच्या वाट्याला आलेली नाही.

मग त्यांच्या वाट्याला काय आले ? ज्वारी आली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने मराठवाडा आणि वऱ्हाड होरपळले, तेव्हापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंत या भागाचा इतिहास ज्वारी पिकली की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. १९७२ साली पिके बुडाली आणि रेशनवर ‘मिलो’ नावाची परदेशी तांबडी ज्वारी आली. दुष्काळी कामांवर ‘सुकडी’ वाटली जाई. धान्याचे पीठ आणि गोड यांचे ते पौष्टिक खाद्य. आज साठी-सत्तरीत असलेल्या पुष्कळांच्या बालपणातील गोड पदार्थ म्हणजे ही सुकडी. मूल खडी फोडणाऱ्या आईच्या पदराआड बसून जी गोडी चाखते, तिच्या चवीत भुकेची आठवण मिसळलेली राहते. म्हणूनच की काय, पुढच्या पिढीने ज्वारीकडे ‘गरिबांचे धान्य’ म्हणून पाठ फिरविली आणि पांढरा मैदा, पांढरी साखर, पांढरा पाव यांना प्रतिष्ठा दिली. माणसे आपल्या ताटातून आपले दारिद्र्य पुसू पाहतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार, ज्यांनी कधी भूक पाहिली नाही अशांना तरी नाही.

या पांढऱ्या प्रतिष्ठेला बाजाराने हात दिला. १९३७ साली ‘डालडा’ हे वनस्पती तूप बाजारात आले आणि पुढील काही दशकांत सणाच्या तळणीत त्याने लोण्या-तुपाची आणि करडईच्या तेलाची जागा घेतली. अशा घट्ट केलेल्या तेलांतील घातक स्निग्धांश हृदयाला अपाय करतो, हे विज्ञानाने सिद्ध केल्यावर आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम झाला. दरम्यान ज्वारीचीच शेते आटली. हिंगोली जिल्ह्यात आज सोयाबीन, हळद, कापूस आणि ऊस यांचे राज्य आहे. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतात. ज्या ज्वारीला गरिबांचे धान्य म्हणून हिणविले, ती आता विकत घ्यावी लागते. काळाने असा सूड उगविला आहे.

या साऱ्याचा परिणाम कोणावर झाला ? मुलांवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६८.९ टक्क्यांवर गेले. दर तीन बालकांत दोघांचे रक्त फिके आहे, असा याचा अर्थ. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून. आपण मात्र नाताळच्या आठवड्यात त्याच फिक्या मुलांच्या हातात रंगीत मलईचा केक ठेवतो आणि त्यांचा सण साजरा झाला असे समजतो. मुलाला त्यात गोडी मिळते. रक्त मिळत नाही, आणि करण्यासारखे काही कामही मिळत नाही. त्याने फक्त खायचे. पूर्वी जो परातीचा भागीदार होता, तो आता खोक्यातल्या मालाचा गिऱ्हाईक झाला आहे. आमच्या मते खरी हानी ही आहे.

आणि त्या साखरेमागे आणखी एक मूल उभे असते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आमच्या बांधवांपैकीही काहींचा नाताळ कारखान्याच्या तळावरील कोपीत येतो. पहाटेच्या थंडीत आई-बाप फडात गेलेले आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळत बसलेली. गव्हाणीतील बाळाची आणि त्या कोपीतील बाळाची परिस्थिती फारशी निराळी नाही. आपल्या केकमधील गोडी ज्यांच्या हातांनी तोडली, त्यांच्या मुलांच्या ताटात नाताळला काय आहे, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा.

वाचकहो, निराश होण्याचे कारण नाही, कारण निसर्गाने हिंगोलीच्या नाताळला कोकणालाही नसलेले एक वैभव दिले आहे. डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडे हुरड्याचे दिवस. रब्बी ज्वारीची कणसे दुधाळ दाण्यांनी भरतात, शेतात आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजली जातात आणि तळहातावर चोळून गरम दाणे मुलांच्या ओंजळीत पडतात. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. आवळे, बोरे, पेरू यांचाही हाच मोसम. बेथलेहेमच्या रानात ज्या रात्री मेंढपाळ जागे होते, तशीच राखणीची रात्र आपल्या शेतात याच दिवसांत असते. ज्याला अजून ज्वारीचा तुकडा राखता आला आहे, त्याने नाताळच्या दिवसांत शेजारच्या मुलांना आगटीभोवती बोलवावे. याहून शुद्ध नाताळचा फराळ आम्हांस ठाऊक नाही.

ज्यांना शेत नाही, त्यांच्यासाठी परात आहेच. ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या चार वाट्या, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट एक वाटी, तीळ अर्धी वाटी आणि चिरलेला गूळ पाऊण ते एक वाटी. गूळ थोड्या पाण्यात वितळवून चिकट होईपर्यंत आटवावा, त्यात बाकीचे जिन्नस घालावे आणि कोमट असताना लाडू वळावेत. पाकाचे काम मोठ्यांनीच करावे, कारण गुळाचा पाक पाण्याहून भयंकर भाजतो; मिश्रण हाताला सोसेल इतके निवल्यावर ते मुलांच्या स्वाधीन करावे. अगदी लहानांसाठी विस्तवावाचून होणारा पदार्थ हवा असेल तर बिया काढलेला खजूर कुटावा, त्यात भाजलेले तीळ आणि दाण्याचे कूट मिसळावे आणि मुलांनी त्याच्या गोळ्या करून तिळात घोळवाव्यात. खजूर हे तर प्रभूच्या देशातीलच फळ.

कलकलही आपल्या पिठाचे करता येतात. मात्र गव्हात जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नाही. म्हणून नुसत्या ज्वारीचे पीठ फणीवर दाबले की मोडते. उपाय आपल्या भाकरी करणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. आधणाच्या पाण्यात ज्वारीच्या पिठाची उकड काढावी, तेवढीच कणीक तिच्यात मळावी, गोडीसाठी गुळाचे पाणी आणि वसमतच्या हळदीची चिमूट घालावी. मुलांनी शिंपले वळावेत, तळणे मोठ्यांनी. घरात ज्वारी नसेल तर रेशनच्या गव्हाची कणीक पुरे. मैद्यात काढून टाकलेला कोंडा तिच्यात शाबूत असतो.

येथे दोन-तीन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. गूळ हाही साखरेचाच भाऊ आहे. तो साखरेऐवजी घातला म्हणून कितीही खावा, असे नाही. तिळात कॅल्शियम विपुल आहे, शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक. आणि लोहही आहे. परंतु धान्यातील लोह अंगी लागण्यास आंबट फळाची साथ लागते. म्हणून लाडवाबरोबर मुलाला चहा न देता पेरूची फोड किंवा आवळा द्यावा. चहा त्या लोहाला अडवितो. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात, कूट द्यावे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये.

मुलांचा सहभाग म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. चार वर्षांचे मूल तीळ निवडू शकते, सहा वर्षांचे खलबत्त्यात दाणे कुटू शकते, आठ वर्षांचे वाटीने मोजू शकते. जे मूल स्वतः लाडू वळते ते तो आवडीने खाते आणि देतानाही मोजून देत नाही. त्याचे लाडू लहानमोठे होतील, काही फुटतील. फुटलेले चुरमुऱ्यात मिसळावेत आणि मुलाला हसू नये.

अन्न आणि लहान मूल यांचे नाते या मातीला नवे नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान, असे परंपरा मानते. बाळ नामदेवाने विठ्ठलापुढे नैवेद्य ठेवला आणि देवाने तो खावा म्हणून हट्ट धरला, ही कथा येथील घराघरांत ठाऊक आहे. शेजारधर्मातील या बालहट्टाकडे पाहताना आम्हांस संत योहानाच्या शुभवर्तमानातील एक मुलगा आठवतो. पाच हजारांच्या भोजनाची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी एका मुलाजवळच्या होत्या आणि त्या जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. गहू सधनांचा, जव गरिबांचा, अशी त्या देशातील रीत. म्हणजे प्रभूने ज्या अन्नावर आशीर्वाद उच्चारला, ते तिकडचे गरिबांचे धान्य होते आणि एका लहान मुलाच्या हातून आले होते.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्या अन्नाला ‘भाकर’ म्हटले. बेथलेहेम या नावाचा अर्थही भाकरीचे घर असाच सांगतात. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोज भाकरच मागतो. जी मागतो तिचीच लाज बाळगणे हे विसंगत आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील उपाहारगृहांत ज्वारीचे बिस्कीट मिरवू लागले. आपल्याला मात्र ज्वारीचा मान कोणाकडून उसना आणावा लागू नये.

म्हणून आमची एक सूचना आहे. आगमनकाळाचे चार रविवार असतात. पहिल्या रविवारी मुलांनी तीळ आणि दाणे निवडावेत, दुसऱ्या रविवारी खजुराच्या गोळ्या, तिसऱ्या रविवारी लाह्यांचे लाडू आणि चौथ्या रविवारी कलकल करावेत. केलेले सारे डब्यात ठेवावे आणि पूर्वसंध्येपर्यंत चाखू नये. आपल्या पूर्वजांच्या उपवासाची एवढी आठवण मुलांना पुरे. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर डबा उघडावा. मात्र त्यापूर्वी त्यातील एक ताट मुलांच्याच हातांनी हिंदू-मुसलमान-बौद्ध शेजाऱ्यांच्या दारी जावे आणि एक डबा जवळच्या ऊसतोडीच्या तळावर. फलाहाराचा फराळ झाला, कोन्सोआदाचे कुस्वार झाले; त्या प्रवासात गोडी वाढली आणि उपवास हरवला. देण्यापुरता तरी तो आपल्याला परत आणता येईल.